लिंबाखालची बैठक

कडूबा मास्तरांनी घराला दोन गोष्टी लावून दिल्या. एक शाळा, आणि दुसरी ही रीत: उपकारस्तुतीच्या, म्हणजे सुगीच्या सणाच्या रविवारी, मिशनच्या देवळातून आल्यावर, नव्या ज्वारीची पहिली भाकरी पानात पडली की प्रत्येकानं एका गोष्टीसाठी देवाचा उपकार मानायचा. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असा. सुरुवात धाकट्यापासून, शेवट थोरल्यापाशी. शेवटचं आमेन होईपर्यंत भाकरी मोडायची नाही. मास्तरांना जाऊन नऊ वर्षं झाली. मधे बहात्तरचा दुष्काळ येऊन गेला, तेव्हा पानात लाल मिलोची, बाहेरदेशाहून आलेल्या ज्वारीची भाकरी होती, घशाखाली उतरता उतरत नव्हती. तरी रीत मोडली नाही.

चौऱ्याहत्तरच्या त्या रविवारी टेंभुर्णीत ऊन मोठं निवांत पडलं होतं. अंगणात कणसं वाळत टाकलेली, त्यांवर चिमण्या उतरत होत्या, आणि त्यांना हाकलायला कुणी उठत नव्हतं. खाऊ देत, यंदा पुरून उरेल एवढं होतं. ओसरीवर पंगत बसली. सगुणाबाई भिंतीला टेकल्या आणि भावजयीच्या हातच्या येसर आमटीचा वास त्यांनी ऊरभर घेतला. एकसष्टी उलटलेली, लग्न केलेलं नाही, मिशन शाळेतून रिटायर होऊन तीन वर्षं झालेली. पण छत्तीस वर्षं दुसरीचा वर्ग शिकवलेली बाई एकटी कशी म्हणावी? बाजाराला निघाल्या की मिशावाले बाप्ये उभे राहून "सलाम, बाई" करायचे. मास्तरांची ती थोरली लेक. धाकटा तातेराव आता त्याच शाळेचा हेडमास्तर, आणि त्याची बेबीनंदा दीड वर्षापूर्वी तिथंच लागलेली. तीही दुसरीवर, आत्याच्याच वर्गावर. तीन पिढ्या एका फळ्यापुढं. सगुणाबाईंना हे आठवलं की आतून दिवा लावल्यासारखं व्हायचं.

"चल गं रूथे, तू पहिली," संपत म्हणाला. बेबीनंदाचा हा थोरला भाऊ. बायको शहागडला माहेरी बाळंतपणाला गेलेली, म्हणून चार वर्षांची लेक कडेवर घेऊन जालन्याहून आला होता.

रूथीनं डोळे गच्च मिटले. "देवा, गुलगुल्यांसाठी तुझा उपकार. ते मला आधी दे. आमेन."

"मागायचं न्हाई गं, मानायचं."

"मानलं की!"

पंगत हसली. पुढची पाळी बेबीनंदाची. चोवीस वर्षांची पोर, पदर खांद्यावरून घेऊन मान खाली घालून बसलेली.

"मला सोडा," ती म्हणाली. "पुढं जा."

असं कधी कुणी म्हटलं नव्हतं. पण पोरीच्या जातीला काही अडचण असेल, काही आठवत नसेल, म्हणून पाळी पुढं गेली. संपतनं शहागडहून आलेल्या खुशालीच्या पत्राबद्दल उपकार मानला. मग बद्रीनाथ मास्तर. ते ना या घरच्या धर्माचे, ना जातीचे. माळावरच्या शेतकऱ्याचे चिरंजीव, चौथीला शिकवायचे. पण वीस वर्षं या जेवणाला गुळाची ढेप घेऊन यायचे आणि दर साली एकच वाक्य बोलायचे. "कडूबा मास्तर मला भेटले, त्याचा उपकार." का, ते कधी सांगत नसत.

उषाबाईला बोलण्यापेक्षा गाणं सोपं. बेबीनंदाच्या या आईनं आपली एक ओवी हलक्या गळ्यानं म्हटली:

*पिकली गं ज्वारी माझी, दाण्यानं गं कणीस दाट,*
*देव माझा मेंढपाळ, पाखरांची पाहे वाट.*

तातेरावांनी दोनशे चाळीस पोरांसाठी, वरच्या साहेबांच्या चांगल्या शेऱ्यासाठी, आणि "माझ्या पोरीनं आजाचा वसा घेतला, त्यासाठी" असा उपकार मानला. शेवटी सगुणाबाई. त्यांचंही दर साली ठरलेलं. "बाबांच्या एकतीस वर्षांसाठी, देवा. ज्यांत एक खाडा न्हाई."

सगळे बेबीनंदाकडं बघू लागले.

"राह्यली की तू, बेबे," संपत म्हणाला.

"माझ्याकडं काही न्हाई."

"असं कसं? ऊन हाये, पानी हाये, भाकर हाये," उषाबाई म्हणाली. "काहीबी म्हन, लेकरं भुकेली हायेत."

"आई, खोटं म्हणू का? देवापुढं?" आणि पानातल्या भाकरीलाच सांगावं तशी ती म्हणाली, "मी एक तारखेपासून शाळेत येणार न्हाई."

तातेरावांचा हात पाण्याच्या तांब्यावर होता, तो तिथंच राहिला. "काय म्हणली?"

"मी सांगतो, आप्पा," संपत मधे पडला. "नवीन जालन्यात आमच्या बियाण्याच्या कंपनीत टायपिस्टची जागा हाये. मी साहेबाशी बोललो. बराबर दहाला जायचं, पाचला सुटायचं. बियाण्याची पोती रडत न्हाईत, भांडत न्हाईत."

"म्हंजे बहीणभावांचं ठरलं. बापाला मात्र पानावर बसल्यावर कळवता."

"मंग कव्हा कळवू?" बेबीनंदानं मान वर केली. "शाळेत तुम्ही हेडमास्तर. घरी आलं की घरीबी हेडमास्तर."

"ज्या घरातल्या एका माणसानं एकतीस वर्षं..."

"एक खाडा केला न्हाई. ठाऊक हाये, आप्पा. नदीला पूर आल्ता, तर डोक्यावर कपडे बांधून गेल्ते. ताप होता, तर फळ्याला टेकून शिकवलं. पाळण्यात असल्यापासून ऐकते. माझ्यात न्हाई उतरलं ते रगत. काय करू?"

सगुणाबाईंना ते लागलं. त्या ताठ बसल्या. "असं काय बोलती? थकवा समद्यांलाच येतो. गुडघे टेकायचे, मागणं मागायचं, न उठून कामाला लागायचं. आपल्या घरात थकले म्हणायची रीत न्हाई."

"चारदा आल्ते तुझ्याकडं, आत्या. चारीदा तू हेच म्हणली. मी टेकले की गुडघे. आता शाळेचं फाटक दिसलं की विहिरीमागं जाऊन उभी राहते. पोरं रांगेला लागली की मंग जाते."

"कवापासून?" तातेरावांनी विचारलं.

उत्तर उषाबाईनं दिलं. "जुलैपासून. डबा तसाच परत येतो तिचा. मी म्हशीपुढं टाकते न गप बसते."

"तुला ठाऊक होतं? मला बोलली न्हाई?"

"तुम्ही पुसलं न्हाई," उषाबाई म्हणाली आणि सरकून लेकीला खेटून बसली. पंचवीस-तीस वर्षांच्या संसारात नवऱ्यासमोरची जागा सोडून ती दुसरीकडं बसल्याचं सगुणाबाईंनी पहिल्यांदाच पाहिलं.

बेबीनंदा आता थांबणार नव्हती. अडुसष्ट पोरं, म्हणाली. दुष्काळात दुसरीच्या दोन तुकड्यांची एक केली ती तशीच राहिली. त्यात सात जणांना अजून अक्षर लागत नाही, तिघी उपाशी येतात, आणि एक कचरू. कचरूची आई खडी फोडायला गेल्ती ती परत आली नाही. तो दिवसभर बाकाखाली बसतो, शेजारच्याला चावतो, पाटी आपटतो.

"गुरुवारी मी त्याला मारलं," ती म्हणाली. "छडीनं न्हाई. हातानं, तोंडात. न तो रडलाबी न्हाई. रोजचंच असल्यावानी पाटी उचलली न कोपऱ्यात जाऊन बसला. तव्हाच ठरवलं. ज्या बाईचा हात उठला न पोराला नवल वाटलं न्हाई, त्या बाईनं तिथं कशाला थांबायचं?"

चिमण्या कणसांवरून उडाल्या, पुन्हा बसल्या. संपतनं रूथीला मांडीवर ओढून घेतलं.

बद्रीनाथ मास्तर हळूच म्हणाले, "पण बाई, असलं आम्ही बैठकीत टाकायचो..." आणि जीभ चावून थांबले.

"कोणती बैठक?" बेबीनंदानं विचारलं.

सगुणाबाईंनी भावाकडं पाहिलं. "तातेराव, कोणती बैठक म्हणून पुसती ही. शाळेतल्या लिंबाखाली बसत न्हाई का तुम्ही सकाळी?"

"अक्का, ते..." तातेरावांनी कपाळावरून हात फिरवला. "बहात्तरला पोरांना खायाला सुकडी आली न. दहा वाजता दोनशे पोरं वाटी घेऊन उभी. चूल पेटवायची, वाटायचं, मंग घंटा. म्हणलं, चार दिवस बैठक राहू दे. पोट आधी."

"बराबर केलं. मंग?"

"पुढल्या साली पाऊस झाला. सुकडी बंद झाली."

"न बैठक?"

"कुणी काढलं न्हाई," तातेराव म्हणाले. "मीबी न्हाई. आज काढू, उद्या काढू. मंग लाज वाटाया लागली."

सगुणाबाईंचा जीव चरकला. पोर लागली त्र्याहत्तरच्या जूनात, बैठक बुडाल्यानंतर. तिनं ती कधी पाहिलीच नव्हती. आणि घरात कधी ऐकलीही नव्हती, कारण बाबांचा एक कडक नियम होता: लिंबाखालचं लिंबाखालीच. तिथं कोण काय बोललं ते फाटकाबाहेर न्यायचं नाही, घरच्या माणसालासुद्धा सांगायचं नाही. साऱ्यांनी तो इमानानं पाळला. त्यामुळं घरात आला तो फक्त पूर, ताप आणि एकतीस वर्षं. अर्धीच गोष्ट. ती अर्धी गोष्ट सगुणाबाईंनीच या पोरीला भरवली होती, घासाघासानं.

बाबा, आज तुमचा नियम मोडते, त्या मनात म्हणाल्या.

"बेबे, ऐक. घंटेच्या आधी अर्धा तास शाळेतले समदे मास्तर, बाया, लिंबाखाली बसायचे. बायबलातलं एक वचन वाचायचं. मंग ज्याला जे जड झालं ते त्यानं म्हणायचं. ऐकणाऱ्यानं शिकवण द्यायची न्हाई, देवाची न्हाई न माणसाचीबी न्हाई. कुणीतरी एवढंच म्हणायचं, 'ते माझ्याकडं दे.' मंग ते न्यायचं. पोरगं असो, तास असो, वह्यांचा गठ्ठा असो. आपली शाळा देवाची, म्हंजे कुण्या एकाची न्हाई, हे बाबांचं म्हणणं. एकट्यानं वाहिलं तर तो गर्व, असं म्हणायचे."

"तू कधी काय टाकलं, आत्या?" पोरीच्या आवाजात थोडी धार होतीच.

सगुणाबाईंना छातीवरचा पदर सारखा करावा लागला. "मी सव्वीस वर्षांची होते. म्हणले, बाबा, मला पोरांचा आवाज नकोसा झालाय. कान फुटून जातील तर बरं, असं वाटतं. समद्यांपुढं म्हणले. बाबांनी तोंड वाकडं केलं न्हाई. म्हणले, दुपारचे दोन तास माझ्याकडं दे. महिनाभर घेतले."

"न तू मला म्हणली गुडघे टेक."

"चुकले." एवढा एकच शब्द, पण तो बाहेर यायला एकसष्ट वर्षं लागली. "न दुसरं सांगते. ताप होता तव्हा बाबा फळ्याला टेकून बसले होते हे खरंय. पण शिकवलं त्यांनी न्हाई. शिकवलं मी न सायमन मास्तरांनी. ते नुसते बसले होते घोंगडी घेऊन. त्यांचा खाडा पडला न्हाई, कारन आम्ही पडू दिला न्हाई. न तसाच आमचाबी त्यांनी पडू दिला न्हाई."

तातेरावांनी चमकून बहिणीकडं पाहिलं. हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. तेव्हा ते शाळेत नव्हते.

"मंग मीबी मोडतो नियम," बद्रीनाथ मास्तर म्हणाले. "चोपन्न साल. माझं पहिलं वर्ष. माझा लहाना भाऊ सापानं गेला. तेराव्यानंतर वर्गावर गेलो न तोंडातून शब्द निघंना. मी हिंदू माणूस, परक्यांची शाळा, नोकरी जाईल म्हणून भ्यालो. लिंबाखाली मोठ्या मास्तरांनी पुसलं, गुरुजी, काय जड हाये? मी म्हणलं, समदंच. ते म्हणले, मंग समदं दे. अकरा दिवस माझा वर्ग त्यांनी घेतला. मी मागच्या बाकावर पोरांत बसून राह्यलो. बाराव्या दिवशी आपोआप उठलो." त्यांनी ओठ पुसले. "म्हणून येतो दर साली. तुमच्या देवाचं मला फार कळत न्हाई, बाई. पण त्या बैठकीपुरता तो माझाबी हाये."

उषाबाईनं डोळ्याला पदर लावला. रूथी बापाच्या कानात मोठ्यानं कुजबुजली, "झालं का आमेन?"

"थांब जरा. आजाबाची पाळी परत आली वाटतं," संपत म्हणाला.

आणि खरंच तातेरावांचे ओठ हलत होते. सगुणाबाईंनी पाहिलं, बावन्न वर्षांचा तो उंच माणूस बसल्या जागी लहान होत चालला होता. "अक्का," ते म्हणाले, "मला जड झालंय." मग थांबले. मग एकदम सुटले. "वरून येणारे तक्ते. महिन्याला सतरा कागद. हजेरी, गळती, धान्य, खडू. ते भरता भरता दोन वर्षांत मी एका वर्गात गेलो न्हाई. मी मास्तर व्हाया आल्तो, अक्का. दुपारी हपिसात दार लोटून बसतो न घंटेची वाट बघतो. पोरांपेक्षा जास्त मीच वाट बघतो."

बेबीनंदा बापाकडं वळली.

"ते माझ्याकडं द्या, आप्पा."

"काय?"

"तक्ते. मला टायपिंग येतं, रकाने आखता येतात. कागदांचा मला तरास न्हाई. कागद चावत न्हाईत."

तातेरावांना हसू फुटलं आणि त्याच हसण्यात रडू. "न मी काय घेऊ तुझं?"

"माझा पहिला तास घ्या. अडुसष्ट हायेत, आप्पा. बघा पेलवतात का."

"हेडमास्तरला पेलवत न्हाईत का?"

"बघूच की!"

संपतनं दोन्ही हात वर केले. "म्हंजे आमचा टायपिस्ट गेला. साहेबाला आता काय तोंड दाखवू?"

"सांग, बहीण भित्री निघाली," बेबीनंदा म्हणाली. मग गंभीर झाली. "दादा, तूच एकट्यानं मला पुसलं होतं, खुश हायेस का म्हणून. ते मी विसरणार न्हाई. पण एक तारखेला मी शाळेतच असंल. घंटेच्या आधी, लिंबाखाली."

"आता तरी म्हण गं बाई काहीतरी," उषाबाई म्हणाली. "आमटीवर साय धरली."

बेबीनंदानं हात जोडले. डोळे मिटले, उघडले, बापाकडं पाहिलं आणि पुन्हा मिटले.

"देवा," ती म्हणाली, "आप्पाबी थकतात, त्याचा तुझा फार फार उपकार."

पंगतीत आधी कुणीतरी फिसकन हसलं, ते बहुतेक तातेरावच होते, आणि मग हसणं आणि आमेन एकमेकांत असं मिसळलं, की कुठलं कुणाचं ते कळेना. भाकरी गार झाल्या होत्या. रूथी सोडून कुणी तक्रार केली नाही.

सोमवारी सकाळी सगुणाबाई सगळ्यांच्या आधी लिंबाखाली जाऊन बसल्या. पानं झडलेली होती, ती कुणीतरी झाडून एका कडेला केली होती. एकेक करून सहाजण आले. नवे तिघं अवघडले, पायानं माती उकरत राहिले. तातेरावांनी वचन वाचलं आणि सर्वांपुढं सांगितलं की दोन वर्षं बैठक बुडाली ती माझ्यामुळं. मग बेबीनंदानं कचरूचं नाव काढलं.

"माझ्याकडं द्या," बद्रीनाथ मास्तर म्हणाले. "चौथीच्या पोरांत बसंल दुपारपर्यंत. माझ्या वर्गात बाकं उंच हायेत, खाली बसला तर आम्ही बी खाली बसू."

"देते. पण आधी त्याची माफी मागते. ते दुसऱ्या कुणाला देता येत न्हाई."

तिनं ती भर वर्गात मागितली. कचरूनं आधी मागं वळून पाहिलं, बाई कुणाशी बोलतात ते बघायला. मागं भिंत होती. मग तो कितीतरी वेळ तिच्याकडं बघत राहिला आणि बद्रीनाथ मास्तरांचं बोट धरून चौथीच्या वर्गाकडं निघाला.

शेवटचा तास सगुणाबाईंनी मागून घेतला होता. रोजचा. "घरी बसून काय चिमण्या मोजू?" एवढंच त्या म्हणाल्या होत्या. तीन वर्षांनी त्या वर्गात शिरल्या. खडूचा, तेल लावलेल्या डोक्यांचा, ओल्या पाट्यांचा तोच वास. अडुसष्ट तोंडं त्यांच्याकडं वळली. त्यांनी पाढा सुरू करायला हात वर केला, तोच खिडकीजवळची एक पोरगी उभी राहिली.

"मोठ्या बाई, आमच्या बाई झोपल्या."

बाहेर, ओसरीच्या खांबाला टेकून, मांडीवर तक्त्यांचे कागद घेऊन बेबीनंदा झोपली होती. तोंड किंचित उघडं, पेन्सिल बोटांतच. इतकी गाढ, की गालावर माशी बसली तरी हललं नाही काही. जुलैपासूनची झोप असावी ती.

सगुणाबाईंनी खिडकीतून पाहिलं. देवा, हे तू मला बघाया ठेवलंस.

"मंग आता कसं म्हणायचं पाढे?" त्यांनी वर्गाला विचारलं.

पोरांनी एकमेकांकडं पाहिलं. कुणीतरी ओठांवर बोट ठेवलं, आणि सगळा वर्ग कुजबुजत सुरू झाला. बे एके बे. बे दुने चार. अडुसष्ट गळ्यांचा तो आवाज ज्वारीच्या ताटांतून वारा जावा तसा हलका हलका सरकत राहिला. सगुणाबाईंनी खडू उचलला आणि तो वाजू नये म्हणून, बोटानं दाबून धरत, फळ्यावर पुढचा आकडा लिहिला.